नमन सोडायचं नाही

माझे बाबा माळ्यावरून पडले त्याला कारण संकासूर. म्हणजे संकासुराची पेटी. शिमग्याला अजून दोन महिने होते, पण या माणसाला धीर म्हणून नाही. पेटी काढू, पोशाखाला जरा ऊन दाखवू, म्हणून भर दुपारी एकटेच शिडी लावून चढले आणि उतरताना पेटी हातात, पाय हवेत. पेटीला ओरखडासुद्धा नाही. बाबांचा उजवा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला. गुहागरहून प्लास्टर घालून आणलं तेव्हा पहिलं वाक्य काय बोलावं? "टोपी बघा गो कोणीतरी, चेपली नाय ना?"

आमचं गाव वेळणेश्वरच्या अलीकडे. शिमग्यात आमच्याकडे खेळे निघतात, दिवसभर घरोघर फिरतात, दर घरी आधी देवाचं नमन गातात. मृदंगवाला, झांजवाले, गाणारे, आणि सगळ्यांच्या पुढे संकासूर. अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळं कापड, त्याला पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोरं त्याला बघून किंचाळत पळतात आणि मोठी माणसं त्याच्या पायावर पाणी घालून नवस बोलतात. आमच्या गावात हा मान आमच्या घराचा. आजोबांनी नाचवला, मग बाबांनी. बाबांनी उभा जन्म बोटीवर काढला, पण शिमग्याला रजा मिळावी म्हणून त्यांनी कप्तानांच्या इतक्या विनवण्या केल्यात की आई म्हणते, माझ्या बाळंतपणाला केल्या नाहीत.

आणि मी? मी लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. शिफ्ट ड्युटी, कंपनीची बस, भाड्याची खोली. वय एकोणतीस, लग्न नाही आणि कार्टून बघते. गावात माझी एवढीच ओळख. "अजून कार्टून बघतेस काय गो?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात, हे सांगणं मी कधीच सोडून दिलं होतं. त्यापुढचं तर कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्षातून दोनदा मी मुंबईला जायची. तिथे माझ्यासारखे वेडे जमतात, आपापल्या आवडत्या पात्रांचे पोशाख स्वतः शिवून, घालून दिवसभर हिंडतात. घरी सांगायची, कंपनीचं ट्रेनिंग आहे.

बाबा पडले आणि मी दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी यायला लागले. पहिल्याच गुरुवारी बघते तर हा माणूस पडवीत खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतोय. आईवर, कुत्र्यावर, माडावर चढलेल्या माणसावर. टीव्हीवरच्या बातम्यांवर तर विचारूच नका. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "बाय माझे, ह्यांना कशाततरी गुंतव. नायतर दुसरा पाय मी मोडते."

माझ्या लॅपटॉपवर तेव्हा एक मालिका उतरवून ठेवलेली होती. बारा भागांची. गोष्ट अशी की जपानमधला एक घरकोंबडा मुलगा असतो, दिवसरात्र कॉमिक आणि ॲनिमे, बाकी काही नाही. त्याला सरकार एका भलत्याच जगात पाठवतं. तिथे चेटूक आहे, ड्रॅगन आहेत, लांब कानांची माणसं आहेत, पण कॉमिक हा प्रकार कोणाला ठाऊक नाही. त्याचं काम काय, तर या लोकांना आपल्या वेडाची गोडी लावायची. त्यांना त्याची लिपी वाचता येत नाही, म्हणून तो चित्रं दाखवत तोंडानं गोष्ट सांगत सुटतो. मला ही मालिका फार लाडकी होती, कारण मलाही आयुष्यभर तेच करायचं होतं आणि कोणी ऐकून घेत नव्हतं. आता एक माणूस पाय मोडून खुर्चीत अडकला होता. इतका हक्काचा श्रोता पुन्हा मिळणार नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, ती वाचून मी मराठीत सांगणार अशी सोय. आई पलीकडे कडवे वाल सोलायला बसली आणि बसतानाच तिनं जाहीर केलं, "मी काय ते बघणार नाय. डोळे बघ मेल्यांचे, बशीएवढे." सुरुवातीचं गाणं लागलं. मी सवयीनं ते पुढे ढकललं.

"थांब!" बाबांनी काठी आपटली. "काय सोडलंस ते?"

"सुरुवातीचं गाणं हो बाबा. प्रत्येक भागाला तेच असतं."

"तेच असतं म्हणजे? आमचं नमन काय दर घरी वेगळं असतं? मागे घे. नमन सोडून खेळ सुरू करतेस, लाज नाय वाटत?"

मी गाणं मागे घेतलं. पडद्यावर फटाके उडत होते, निळ्या केसांच्या मुली उड्या मारत होत्या आणि माझे बाबा हात जोडून बसले होते. मला हसू आवरेना. आईनं डोळे वटारले, तेव्हा पदर नव्हता म्हणून मी तोंडात ओढणी कोंबली.

पुढे काय सांगू! मला वाटलं होतं मी त्यांना माझं जग दाखवणार. त्यांनी सगळी मालिका उचलून बोटीवर नेऊन ठेवली. मुलगा दुसऱ्या जगात पोचला, तर यांचा पहिला प्रश्न, "कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं?" मी म्हटलं, ते सांगितलेलं नाही. "न सांगता साइन केलं? गाढव आहे. त्याच्या जागी रिलीव्हर कोण येणार?" ड्रॅगन उडत आला तरी बाबा ढिम्म. मुलाला जेवायला तिथलं काहीतरी हिरवं वाढलं तेव्हा मात्र कळवळले. "पहिला आठवडा असंच होतं. त्याला म्हणावं भात माग." मी म्हटलं, बाबा, तुम्ही जपानला गेलात ना, तिथे असलं काही बघितलंत की नाही? तर म्हणाले, "सहा वेळा गेलो. क्रेन बघितल्या."

दोन-तीन गुरुवार गेले. गाण्याची चाल बाबांना पाठ झाली. शब्द एक कळत नव्हता, पण ते प्लास्टरवर बोटांनी मृदंगासारखा ठेका धरायचे आणि आई ओरडायची, "फुटेल हो ते!" आई बघत नव्हतीच. फक्त मी एकदा एक प्रसंग सांगायचा विसरले तर वालातून मान वर न करता म्हणाली, "आणि त्या लांबकानीनं पत्र लिहिलं त्याचं काय झालं?"

बाबांचा जीव जडला तो एका शिंगवाल्या सेनापतीवर. काळा झगा, डोक्यावर दोन शिंगं, आवाज ढगासारखा. पहारेकरी पहाऱ्यावर कॉमिक वाचत बसतात म्हणून हा त्या मुलाचं दुकान बंद करायला येतो. पुरावा म्हणून एक पुस्तक घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. मुलाला वाटतं, आता अटक. तर सेनापती इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, याचा दुसरा भाग आहे का. बाबा इतके हसले की पाय हलला आणि कळ आली, तरी हसतच राहिले. "हा आपला माणूस," म्हणाले. "याला नाद कळला."

मग दादाचा फोन आला. दादा, माझा मोठा भाऊ, तोही बोटीवर. ठरलं होतं असं की तो शिमग्याआधी उतरेल आणि बाबांच्या जागी यंदा तो संकासूर घेईल. पण कंपनीनं त्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन महिने वाढवलं. रिलीव्हर नाही. फोनवर बाबा "बरं, बरं, तब्येतीला जप" एवढंच बोलले.

याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. येत्या रविवारी गावकी बसणार होती. आमच्या घरातून माणूस उभा राहिला नाही तर मान वरच्या वाडीतल्या घराकडे जाणार, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. आजोबांपासून चालत आलेलं बाबांच्या हातून सुटणार, तेही शिडीवरून पाय घसरला म्हणून.

त्या गुरुवारी मी आले तेव्हा बाबा कोणावर खेकसत नव्हते. मला तेच सहन होईना. दुपारी मी आपली नेहमीसारखा लॅपटॉप मांडून बसले. भाग लावला, आणि बघू तरी काय म्हणतात म्हणून मुद्दाम गाणं पुढे ढकललं. बाबांची काठी मांडीवर तशीच. बाबांना रडताना मी कधी बघितलं नाही, त्या दिवशीही नाही, पण त्यांनी नमन सोडू दिलं.

मी तरीही सांगत राहिले, दुसरं काय करणार. त्या भागात गावची जत्रा असते आणि सेनापती त्या कॉमिकमधल्या नायकाचा पोशाख स्वतः शिवून, घालून भर चौकात येऊन उभा राहतो. शिपाई हसतात. तो हलत नाही. बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "उभा बरा राहिलाय," म्हणाले.

कुठून बळ आलं देव जाणे. मी फोन काढला, एक फोटो शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. काळा घोळदार झगा, शिंगं, तोंडावर मुखवटा, हातात भाला.

"हा कोण?"

"सांगा ना कसा दिसतोय."

बाबांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. "खांदे बरोबर टाकलेत. वजन मागच्या पायावर घेतलंय. कोणीतरी शिकवलेला आहे. कोण?"

"मी आहे, बाबा."

आईच्या हातातला वाल परातीबाहेर पडला. "म्हणजे ते ट्रेनिंग?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. चार वर्षांची ट्रेनिंगं एका फोटोत बाहेर पडली. आईचं तोंड सुरू झालं: मुंबईला एकटी, असल्या सोंगात, आणि वर खोटं, देवाच्या फोटोवर हात ठेवून गेलीस मेले! तिचं खरंच होतं. पण बाबा अजून फोटोच बघत होते.

"किती तास घातलंस?"

"आठ."

"शिंगं कशाची?"

"फोमची. हलकी असतात. आतून पट्टी लावली, घाम टिपायला."

"पट्टी," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठतोय. "आणि मधे तोंड उघडलं नाहीस ना?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "एकदा. वडापाव खायला."

"श्शी!" बाबांनी काठी आपटली. अशी आपटली की कुत्रा उठून गेला. "तोंड झाकलं की झाकलं. बोलायचं नाय, खायचं नाय, कोणी हाक मारली तरी आपण आपण नाय. एवढं तुला कोणी सांगितलं नाय?" मग थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. मागे घे ते गाणं."

पुढचे तीन दिवस मी रजा टाकली. बाबा खुर्चीत बसून प्लास्टरवर ठेका द्यायचे आणि मी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, अनवाणी. मला वाटायचं मला येतं सगळं. पट्टा कमरेला बांधल्यावर कळलं की घुंगरं पायानं वाजत नाहीत, श्वासानं वाजतात. "नाचू नको गो, चाल!" बाबा ओरडायचे. "संकासूर नाचतो असं लोकांना वाटतं. तो चालतो. तुझा तो शिंगवाला बघ कसा चालतो." मी लॅपटॉप लावून सेनापतीची चाल पुन्हा बघितली. बाबांचं बरोबर होतं, म्हणजे काय म्हणावं याला! आई घरातून मधूनमधून नुसती बघून जायची. माझ्याशी तिनं बोलणं टाकलं होतं, जेवायला ताट मात्र वाढून ठेवायची.

रविवारी बाबांना रिक्षातून देवळात नेलं. गावकी बसली. बाबा म्हणाले, यंदा आमच्या घरातून मुलगी उभी राहील. एकदम कल्ला. बाईमाणूस? असं कधी झालंय? वरच्या वाडीतले म्हातारे काका शांतपणे म्हणाले, "पोरगी चांगली आहे, त्याबद्दल काय नाय. पण रीत आहे."

"रीत काय ती सांगा," बाबा म्हणाले. "घरचा माणूस पाहिजे, पाय अनवाणी पाहिजेत, तोंड झाकलेलं पाहिजे, मधे सोडून जायचं नाय. आत कोण ते आजवर कधी कोणी विचारलंय? मग आताच का विचारता?"

कोणीतरी मागून घसा खाकरून बायकांच्या त्या अडचणीचं काढलं. सगळे पुरुष एकदम जमिनीकडे बघायला लागले. तेवढ्यात देवळाच्या दारातून आईचा आवाज आला, "तारीख मी बघितलीय. पुढचं बोला."

मी वळून बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी ठरलं, देवीला कौल लावू. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे हात जोडून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कळ्या काही हलेनात. कोणीतरी शिंकलं, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. बाबा कळ्यांवरून नजर काढत नव्हते आणि मी देवीला मनात म्हणत होते, माझ्यासाठी नको, यांच्यासाठी दे. अर्ध्या तासानं गुरव कपाळाचा घाम पुसत पुटपुटले, "देवीलाही प्रश्न नवीन आहे." आणि उजवी कळी पडली. वरच्या वाडीतल्या काकांनीच आधी हात जोडले.

शिमग्याला सकाळी बाबांनी स्वतः मला पट्टा बांधला. प्लास्टर निघालं होतं, काठी होती. टोपीच्या आत मी फोमची पट्टी लावली होती. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि म्हणाले, "हे मला चाळीस वर्षं सुचलं नाय." मग तोंडावर कापड बांधलं आणि मी संपले.

पहिली चार-पाच घरं मी धास्तीतच होते. मग जमलं. पोरं किंचाळत पळाली, आणि काय गोड वाटलं ते! माझ्याच चुलतभावाचा मुलगा, जो एरवी माझ्या मांडीवर बसून मोबाईल मागतो, तो मला बघून न्हाणीघरात लपला. एका घरी म्हातारी माझ्या पायावर पाणी घालून सुनेच्या नोकरीचं बोलली. मी घुंगरं वाजवली. संकासुराचं उत्तर तेवढंच असतं.

दुपारी आम्ही आमच्या घरी आलो. ऊन मी मी म्हणत होतं, अजून बारा घरं राहिली होती. गाणाऱ्यांनी नमनाचं एक कडवं म्हणून पुढचं उरकायला घेतलं आणि पडवीतून काठी आपटली. "नमन सोडायचं नाय!" सगळे हसले आणि पहिल्यापासून म्हणायला लागले. बाबा खुर्चीत बसून दुखऱ्या पायाच्या गुडघ्यावर ठेका धरत होते. मी हलले नाही, वजन मागच्या पायावर घेऊन उभी राहिले.

नमन झालं तशी आई तांब्या घेऊन पुढे आली. नवी साडी, डोक्यावर पदर. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. महिनाभर ती माझ्याशी धड बोलली नव्हती. आता ती वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मला पाय मागे घ्यायचे होते. बाबा रोखून बघत होते, म्हणून नाही घेतले.

मग ती हात जोडून उभी राहिली आणि संकासुराला म्हणाली, "बाबा रे, माझी एक मुलगी आहे. लोट्याला एकटी राहते. वर्षातून दोनदा माझ्याशी खोटं बोलून मुंबईला जाते, शिंगं लावून फिरते. मी तिला कधी विचारलंच नाय तिला काय आवडतं, म्हणून ती खोटं बोलली. तिला सुखरूप ठेव. आणि यापुढे जाताना मला सांगून जाऊ दे. मी डबा बांधून देईन."

कापडाच्या आत माझे डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं आणि पुसायची सोय नाही. तिच्या गळ्यात पडायचं होतं. आई म्हणून हाक मारायची होती. पण तोंड झाकलं की झाकलं.

मी कमर हलवली. सगळी घुंगरं वाजली. आईनं मान डोलावली, तांब्या उचलला आणि गाणाऱ्यांना सरबत आणायला आत गेली.